आधी ‘चूक माझी’ लिहायचं

साहेब, तुम्हाला वाचता येत होतं आणि तुम्ही वाचलं नाही. हा माझा आरोप आहे.

लिफ्टचं रजिस्टर तुमच्या हातात होतं. त्यातली एक ओळ वाचलीत, दोन शब्दांची, आणि रजिस्टर मिटून काखेत मारलंत. मग माझ्या भावाला जीपमध्ये घातलंत आणि त्याचं लायसन तुमच्या खणात टाकलंत. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं लहानपणापासून ऐकत आले. पण त्या संन्याशाला निदान आधी कोणी विचारलं तरी असेल, की बाबा रे, तू कोण?

तुम्ही विचारलं नाहीत, तर मीच सांगते तो कोण.

तो लिफ्टमिस्त्री. आमचे बाबाही लिफ्टमिस्त्रीच होते. घरात त्याला सगळे पान्या म्हणतात, कारण दात यायच्या वयात तो बाबांचा बारा नंबरचा पाना चघळत बसायचा. आता चौदा इमारतींच्या लिफ्ट त्याच्या अंगावर आहेत. बोलतो कमी. माझी भावजय म्हणते, “लग्नाआधी वाटलं लाजतोय. नंतर कळलं, बोलणं संपलंच तेवढ्यात.” मी त्याची थोरली बहीण. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या इस्त्रीच्या मशीनवर काम करते. आमच्या घरातलं बोलणं सगळं माझ्या वाट्याला आलं आणि गप्प बसणं त्याच्या.

त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण कागद वाचायची तुमची सवय बघता पुन्हा सांगते. पाच मजली ऑफिसांची इमारत. लिफ्टचं दार केबिन समोर असल्याशिवाय उघडू नये म्हणून प्रत्येक मजल्यावर दाराला एक लॉक असतो. तिसऱ्या मजल्यावरचा लॉक सुटला. दार उघडलं आणि आत केबिन नव्हती. तिथल्या टायपिस्टबाई हातातल्या फायली बघत आत पाऊल टाकत्या झाल्या आणि खाली पहिल्या मजल्यावर थांबलेल्या केबिनच्या छतावर पडल्या. मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला. जीव वाचला.

पान्याला फोन गेला. सायकल टाकून पोचला. बाईंना त्यानेच वर काढलं, स्ट्रेचरवर ठेवेपर्यंत त्यांचं डोकं धरून बसला. मग मशीनरूममध्ये गेला, रजिस्टर काढलं, तारीख घातली आणि खाली लिहिलं, ‘चूक माझी.’ पुढची ओळ लिहिणार तेवढ्यात तुम्ही जिन्यात होतात.

हे तो प्रत्येक वेळी लिहितो. बाबांची शिस्त. बाबा म्हणायचे, “मशीन बिघडलं की आधी माणसं लपतात. वॉचमन म्हणतो मी नव्हतो, झाडूवाला म्हणतो मी आलोच नव्हतो, मालक म्हणतो मला काय कळतं त्यातलं. सगळे लपले की बिघाडही लपतो. म्हणून मिस्त्रीने आधी लिहायचं, चूक माझी. मग कोणाला लपायची गरज राहत नाही. मग खरं सापडतं.” चाळीस वर्षं बाबांनी असंच काम केलं. त्यांच्या एकाही लिफ्टमध्ये कोणाचं बोट चेंगरलं नाही.

पण ती शिस्त मशीनरूममधली. चौकीत तिला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तुम्ही विचारलंत, “तूच लिहिलंस ना हे?” तो म्हणाला, “हो.” तुम्ही विचारलंत, “चूक तुझीच ना?” तो म्हणाला, “आधी माझीच.” त्यातला ‘आधी’ तुम्ही लिहिला नाहीत.

निरोप आला तेव्हा भावजय कणीक मळत होती. तसेच पिठाचे हात घेऊन उभी राहिली. म्हणाली, “वन्सं, ते आत जातील हो. आणि गुमान जातील, तेच मला भ्या वाटतं.”

शेजारपाजारचे म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी म्हटलं, आम्ही चढलो नाही, आम्हाला उचलून नेऊन ठेवलंय.

आमच्या घराचे कागद ज्या वकिलांनी केले होते, मी आधी त्यांच्याकडे धावले. भला माणूस. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “ताई, मी जागांचे कागद करतो. दाढ दुखते म्हणून तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाल का? फौजदारीवाला वकील बघा. आणि जो म्हणेल हमखास सोडवतो, त्याच्या दारातूनच परत फिरा.”

तसा एक भेटला लगेच. कोर्टाच्या व्हरांड्यातच उभा होता, जणू माझीच वाट बघत. “काळजी सोडा मावशी, आतल्या सगळ्यांशी आपली ओळख आहे. दोन तारखांत मोकळा करतो.” मी विचारलं, “माझ्या भावावर कलम कोणतं लागलंय?” तो म्हणाला, “ते बघू की नंतर.” मी म्हटलं, “मग मी पण तुम्हाला नंतरच बघते.”

कागदवाल्या वकिलांनी एका बाईंचा पत्ता दिला होता. झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर एक खोली. कपाटं भिंतीला नाहीत, खोलीच्या मधोमध, त्यामुळे वाट काढत जावं लागतं. साठीच्या बाई, गुडघे दुखणाऱ्या, टेबलाखाली पाय पाटावर. मी सांगितलं, भाऊ लिफ्टमिस्त्री आहे. म्हणाल्या, “अरे वा. मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. मिस्त्र्यांवर अविश्वास म्हणून नाही हां. माझा कोणावरच विश्वास नाही. वकील आहे मी.”

मी घरून प्रश्न पाठ करून गेले होते. म्हटलं, अशी प्रकरणं केलीत का? “बरीच. जिंकले, हरलेही. हरलेली विचारा, ती मला जास्त आठवतात.” कोर्टात तुम्ही स्वतः उभ्या राहाल की हाताखालच्याला पाठवाल? “हाताखाली फक्त हा पाट आहे.” सुटेल का? त्यावर मात्र हसल्या नाहीत. “ते मी सांगणार नाही. काय करीन ते सांगते. आज जामिनाचा अर्ज. मग त्यांच्याकडे काय पुरावा आहे तो पूर्ण मागायचा. मग गप्प बसायला शिकवायचं तुमच्या भावाला.”

“तो गप्पच असतो हो,” मी म्हटलं.

“मग त्याने लिहिलं कशाला?”

फी पहिल्याच भेटीत सांगितली, कागदावर लिहून दिली, आणि ते बोलणं पुन्हा कधी निघालं नाही. मला आवडल्या. तुसड्या, पण चोख.

दोन दिवसांनी जामीन झाला. पान्या बाहेर आला तो दाढी वाढलेला, आणि पहिलं काय विचारलंन? “टायपिस्टबाईंचा पाय कसाय?” त्याला तडक इस्पितळात जायचं होतं. वकीलबाईंनी बाही धरली. “अजिबात नाही. त्या साक्षीदार आहेत. तू पाया पडायला जाशील आणि हे लोक लिहितील, धमकी द्यायला आला होता.” पान्याने माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मी त्याला सांगितलं, ऐक त्यांचं.

वकीलबाईंच्या खोलीत गेल्यावर त्यांनी मला बाहेर बसवलं. मी म्हटलं, मी बहीण आहे त्याची, लंगोट मी बदललेत याचे. “असू दे. अशील तो आहे, तुम्ही नाही. तो मला जे सांगेल ते मी कोणाला सांगणार नाही, तुम्हालाही नाही. तसं नसेल तर तो खरं कशाला बोलेल?” दार लागलं. मी जिन्यात बसून धुमसत होते. आतून मला आवाज आला तो पान्याचा, आणि तो बोलत होता. पाऊण तास! माझ्या भावाला पाऊण तास बोलताना मी कधी ऐकलेलं नाही. तिथेच माझा राग विरघळला. मनात म्हटलं, बाई, तू घे त्याला आता हातात.

बाहेर आल्यावर पान्यानेच मला सांगितलं. अपघाताच्या आदल्या दिवशी त्याला तो लॉक झिजलेला दिसला होता. त्याने लिफ्ट बंद केली, मेन स्विच खाली केला, दारावर पाटी लावली, रजिस्टरमध्ये लिहिलं आणि इमारतीच्या मॅनेजरकडे नवा लॉक मागितला. मॅनेजर म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी बड्या पाहुण्यांची गाडी यायची होती. मॅनेजरने पाटी काढली आणि स्विच वर केला.

“मग तुझी चूक कुठे यात, गाढवा?” मी ओरडले.

“स्विचला कुलूप घालायला हवं होतं, ताई. घातलं नाही.”

वकीलबाई दारात उभ्या होत्या. “हे बघ मिस्त्री. ती तुझी चूक असेल. तिच्याशी तू घरी भांड, जन्मभर भांड. गुन्हा वेगळा. धोका दिसत असून तू बेफिकीर राहिलास, हे त्यांनी सिद्ध करायचं. तुला काही सिद्ध करायचं नाही. तू खुर्चीत नुसता बसून राहिलास तरी निर्दोषच बसलेला असतोस, जोवर ते उलट दाखवत नाहीत. चौकीत जे बोललास ते कोर्टात फारसं टिकणार नाही. पण रजिस्टरची ओळ तुझ्या हातची आहे. ती मला खोडायची आहे.”

“खोडू नका,” पान्या म्हणाला. “बाबांची आहे ती.”

इथे गाडी अडली. कारण, साहेब, तुम्ही त्याला मधेच बोलावून चहा पाजलात आणि म्हणालात, कबूल कर, किरकोळ शिक्षा होईल, लायसन जाईल एवढंच, सहा महिन्यांत विषय संपेल. आणि तो कबूल करायला निघाला होता. त्याला तुरुंगाची भीती नव्हती. त्याला भीती होती कोर्टात उभं राहून ‘नाही’ म्हणायची. मला म्हणाला, “मी नाही म्हटलं तर बाबा काय खोटं शिकवून गेले?” त्याच्या हातात लायसन नसेल तर तो काय करणार, हे त्याला विचारलं, तर म्हणाला, “सायकल दुरुस्त करीन.” चौदा लिफ्टचा बाप, सायकल दुरुस्त करणार.

वकीलबाई तुमच्यावर भडकल्या ते वेगळंच. त्याच्यावर त्याहून भडकल्या. “माझ्याशिवाय चौकीत गेलासच कसा? यापुढे कोणी काही विचारलं की एकच वाक्य. माझ्या वकिलांना विचारा. म्हण.”

“तुमच्या वकिलांना विचारा.”

“माझ्या!”

घरी तालीम सुरू झाली. स्वयंपाकघरात ओट्याशी भावजय फौजदार. कमरेवर हात, पदर खोचलेला. “दूध कोणी उतू घालवलं?”

“चूक मा—”

मी पाठीत धपाटा घातला. “तू अंघोळीला होतास, मेल्या!”

“पुन्हा. भाजीत मीठ दोनदा कोणी टाकलं?”

पान्या विचार करून म्हणाला, “माझ्या वकिलांना विचारा.”

“त्यांना काय विचारू? ते मीच टाकलं,” असं म्हणून भावजय जी हसायला लागली, की खाली बसली. आणि हसता हसता रडायला लागली. पान्या तिच्या शेजारी जमिनीवर बसला. मग म्हणाला, “नाही जाणार मी आत.” मला वाटतं, ‘नाही’ हा शब्द त्याने घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारला.

ती ओळ खोडायची नाही, तर मग तिचं करायचं काय, यावर भावजयीनेच तोड काढली. ती वकीलबाईंना म्हणाली, “अहो, हे तर सगळीकडेच लिहितात तसं.” वकीलबाईंनी पाय पाटावरून खाली घेतले. “सगळीकडे म्हणजे?”

मग आम्ही नणंद-भावजय चौदा इमारती पालथ्या घातल्या. वॉचमन, सेक्रेटरी, कुठे कुठे दारात तासभर उभं राहणं. रजिस्टरं मिळाली. बाबांच्या वेळची पिवळी पडलेलीसुद्धा. वकीलबाईंच्या टेबलावर ढीग झाला, आणि त्या मोठ्याने वाचू लागल्या.

“‘चूक माझी. उंदराने वायर कुरतडली होती.’ ‘चूक माझी. चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दारात कुंडी ठेवली होती.’ ‘चूक माझी. कोणाच्या तरी नातवाने बटणात खाऊची गोळी चिकटवली होती.’ ‘चूक माझी. सगळ्या शहराची वीज गेली होती.’” चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. “अरे, शहराची वीज गेली, त्यातही तूच?”

पान्या गोरामोरा झाला. “आधी लिहायचं असतं.”

“लिही बाबा. हजारदा लिही. आता मला ती ओळ खोडायची नाही, न्यायाधीशांना सगळी वाचून दाखवायची आहे.” आणि खालच्या आवाजात मला म्हणाल्या, “तुमचे वडील भेटायला हवे होते मला.”

राहिलं तुमच्याकडचं रजिस्टर. कोर्टात तुम्ही एकाच पानाची झेरॉक्स लावली होती. वकीलबाईंनी अर्ज करून अख्खं मागवलं. त्याच्या आधीच्याच पानावर आदल्या दिवशीची नोंद होती: लॉक झिजला, लिफ्ट बंद केली, पाटी लावली, ऑफिसला सांगितलं. पान उलटायला किती वेळ लागतो, साहेब? मी घरी उलटून पाहिलं. डोळ्याचं पातंसुद्धा लवत नाही.

आरोप वाचून दाखवला त्या दिवशी कोर्टात पंखा घरघरत होता. न्यायाधीशांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

पान्या उभा राहिला. पांढरा शर्ट, भावजयीने दोनदा इस्त्री केलेला. चादरींचं मशीन मी चालवते, पण तिने मला हात लावू दिला नाही. पान्याचा उजवा हात खिशाशी गेला, जिथे पेन असतं. मी मनात म्हटलं, आता हा कागद मागतो की काय! वकीलबाई पुढे बघत बसल्या होत्या, मान हलवली नाही, खाकरल्या नाहीत. मग त्याने हात खाली सोडला आणि वर बघून म्हणाला, “नाही.”

न्यायाधीशांना ऐकू आलं नसावं. “मोठ्याने.”

“नाही. गुन्हा मी केलेला नाही.”

एवढं लांब वाक्य. भावजयीने माझा दंड इतका दाबला की चार दिवस निळा होता.

पुढे तारखा पडल्या. टायपिस्टबाई काठी घेऊन आल्या. तुमच्याच साक्षीदार. वकीलबाईंनी हळूच विचारलं, दारावर पाटी होती का? बाई म्हणाल्या, “आदल्या दिवशी होती. त्या सकाळी मॅनेजरनी माझ्यासमोर काढली आणि म्हणाले, बरं दिसत नाही.” मग त्यांनी पान्याकडे बघितलं. “माझं डोकं यांनी धरलं होतं. मी यांचे आभारही मानले नाहीत अजून, कोणी भेटू दिलं नाही.” पान्या तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या कानामागचं लाल झालेलं मला दिसलं.

आणि मग तुम्ही उभे राहिलात. वकीलबाईंनी विचारलं, मॅनेजरचा जबाब घेतलात का? तुम्ही म्हणालात, आवश्यकता वाटली नाही.

निकाल लागला. निर्दोष. वकीलबाईंनी निकालाची प्रत हातात दिली आणि पान्याला म्हणाल्या, “आता एकदा तुझ्या लिफ्टमधून मला वर ने. एकदाच हां.” त्याने नेलं. डोळे घट्ट मिटून, त्याचा हात धरून त्या पाचव्या मजल्यावर गेल्या आणि जिन्याने उतरल्या.

गोष्ट इथे संपायला हवी होती. तुम्ही संपू दिली नाहीत.

निकाल लागून दीड महिना झाला. लायसन अजून तुमच्या खणात आहे. तीनदा आम्ही आलो. एकदा साहेब नाहीत, एकदा फाईल वर गेलीय, एकदा वरून खाली यायचीय. परवा पान्या टायपिस्टबाईंना भेटायला त्या इमारतीत गेला. त्या जिन्याने जातात आता, एकेक पायरी. तिसऱ्या मजल्यावर त्याने सवयीने दाराला हात लावला. लॉक तोच आहे. नवा बसवलेलाच नाही. कोणीतरी तारेने बांधून ठेवलाय आणि लिफ्ट चालू आहे. त्याने मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, “तू कोण सांगणारा? लायसन दाखव.”

तो घरी आला, जेवला नाही. मला म्हणाला, “ताई, तू लिही. तुला रागावता येतं. मला फक्त दुरुस्त करता येतं.”

म्हणून लिहितेय. त्या इमारतीत रोज सकाळी शंभरेक माणसं येतात, हातात फायली, डोळे फायलींत. मॅनेजरला तुम्ही आजपर्यंत एकही प्रश्न विचारलेला नाही. या कागदाची एक प्रत वकीलबाईंकडे आहे, एक कोर्टात जाईल. लायसन कोणत्या तारखेला देताय? मॅनेजरला कोणत्या तारखेला बोलावताय? आणि त्याआधी ती तार सुटली, तर या वेळी जीपमध्ये कोणाला घालणार?

लेखी उत्तर द्या.